खांद्याची शिवण

बाईनं काचेवर टकटक केलं. दोनदा, मग जरा थांबून एकदा. नाट्यसंस्थेचा चिटणीस दचकला. काच नवीकोरी होती आणि तिच्या आत टांगलेला झगा मिळवायला संस्थेनं बरेच महिने घालवले होते. "आजी, हात नको लावायला," तो जमेल तितक्या गोडव्यानं म्हणाला. बाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काचेला नाक टेकेल इतकी वाकून ती आतली पाटी वाचत होती. ब्याऐंशीव्या वर्षी तीन ओळी वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ तिनं मुद्दाम लावला.

'जेवण गार होतंय' या प्रवेशाचे जनक मामा यांनी वापरलेला मूळ झगा, असं पाटीवर लिहिलं होतं.

मामा कुणाचा सख्खा मामा नव्हता. कंपनीच्या प्रत्येक नाटकात मामाचं काम तोच करायचा, म्हणून मालकापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. जाऊन दहा वर्षं झाली त्याला. आज जुन्या नाट्यगृहात त्याच्या नावाचं दालन उघडायचं होतं, जिन्याखाली त्याचा अर्धपुतळा कापडात गुंडाळून ठेवला होता, आणि दोन शब्द बोलायला, त्याच्याबरोबर काम केलेलं जिवंत माणूस म्हणून संस्थेला एकटी बाईच सापडली होती. तशी मीही जिवंत आहे. पण मी कपडेपटात होते, आणि कपडेपटातल्या माणसांना कुणी मोजत नाही. न्यायला गाडी आली तेव्हा बाईनं मला दारातूनच हाक मारली. सुई येणार नसेल तर मीही येत नाही, असं तिनं ड्रायव्हरला ठणकावून सांगितलं आणि मला मागच्या सीटवर आपल्या शेजारी बसवून घेतलं.

सुई हे माझं कंपनीतलं नाव. दोरा ओवलेली सुई अंगावरच्या कपड्याला, डाव्या खांद्याशी खोचून ठेवायची माझी सवय. काम सुटून बावीस वर्षं झाली, सवय सुटलेली नाही.

"हा झगा त्याचा?" बाईनं चिटणिसाला विचारलं.

"हो आजी. अगदी मूळचा. बटणंसुद्धा बदललेली नाहीत."

"अकरा आहेत," बाई म्हणाली. "सातवं माझ्या कोटाचं आहे."

चिटणीस हसला. म्हातारी माणसं अशी काहीबाही बोलतात आणि आपण हसायचं असतं, एवढं त्याला कळत होतं. मग बाईनं त्याला सांगितलं की बोलताना तो झगा तिच्या हातात असला पाहिजे, नाहीतर ती दोन शब्द काय, एक शब्दही बोलणार नाही. त्यानं कपाळावर आठ्या घातल्या, कोपऱ्यात जाऊन अध्यक्षांना फोन केला, आणि परत येऊन खिशातली किल्ली काढली. झगा काचेत होता तोवर मला काळजी नव्हती.

बाई काय बोलणार हे तिनं मला गाडीतच सांगितलं होतं. ती म्हणणार होती की हा प्रवेश माझा, मी बसवलेला, माझ्या घरातला. आणि लगेच म्हणणार होती की मामानं तो चोरला नाही, रीतसर मागून घेतला. पहिलं वाक्य तिला पन्नास वर्षं बोलायचं होतं. दुसरं ती पन्नास वर्षं ज्याला त्याला सांगत आली होती, आणि त्याच वाक्याच्या आधारानं तिनं पहिलं गिळलं होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

बाई कंपनीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला कंदील धरायचं काम मिळालं होतं. नायक-नायिका बागेत भेटायचे, वीस मिनिटं एकमेकांना सोडून न जाण्याच्या शपथा घ्यायचे, आणि दासीनं मागं कंदील धरून उभं राहायचं. हसवणाऱ्या बायका तेव्हाच्या नाटकांत पुष्कळ होत्या, फक्त त्या सगळ्या पुरुष होते. पोटाला उशी बांधायचे, ओठ रंगवायचे, किंचाळायचे, आणि लोक गडाबडा लोळायचे. खऱ्या बाईनं रंगमंचावर लाजायचं, रडायचं आणि तिसऱ्या अंकात मरायचं. मालकाचं म्हणणं असं की बाई विनोद करायला लागली की प्रेक्षकाला घर आठवतं आणि मग तो हसत नाही.

एका प्रयोगात बाईचा हात भरून आला आणि तिनं कंदील या हातातून त्या हातात घेतला. नायक नेमका 'मी इथून तसूभरही हलणार नाही' म्हणत होता, आणि त्याची सावली नायिकेला सोडून तुरुतुरु झाडावर चढली. लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. नायकानं विंगेत येऊन बाईची खरडपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी बाईनं कंदील दोनदा बदलला, आणि दुसऱ्यांदा अगदी सावकाश. ते सावकाश बदलणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी विंगेत तोंडात टाचण्या धरून उभी होते. हसू आलं आणि एक टाचणी जिभेला टोचली. महिन्याभरात लोक तिकीट काढताना 'कंदीलवाली आहे ना?' असं विचारायला लागले, आणि मालकाला एकाएकी आठवलं की आपण स्त्रियांच्या प्रगतीच्या बाजूचे आहोत.

'जेवण गार होतंय' तिनं सव्विसाव्या वर्षी बसवलं. तिचा नवरा कंपनीचे पडदे रंगवायचा. बागा, राजवाडे, पौर्णिमेचं आकाश, सगळं त्याला यायचं, फक्त वेळेवर घरी येणं जमायचं नाही. बाई रोज दोन ताटं वाढून बसायची. त्यावर रडायला तिला सवड नव्हती, म्हणून तिनं त्याचा प्रवेश केला. रंगमंचावर एक टेबल, दोन खुर्च्या, दोन ताटं आणि एकटी बाई. एक शब्द बोलायचा नाही. ती वाढते, झाकते, दाराकडं बघते. चव बघायला म्हणून त्याच्या ताटातलं जरासं खाते आणि खड्डा दिसू नये म्हणून चमच्यानं सारखं करते. पुन्हा खाते, पुन्हा सारखं करते. होता होता त्याचं ताट रिकामं होतं, आणि तेवढ्यात दारावर थाप पडते. दोनदा, मग जरा थांबून एकदा. लोक हसून हसून डोळे पुसत असायचे. बाई त्याचं रिकामं ताट पदरानं पुसावं तसं झग्याच्या टोकानं पुसायची, त्यावर झाकण ठेवायची, केस सारखे करायची आणि दार उघडायला जायची. तिची पाठ दिसली की हसू घशात अडकायचं. पुढच्या रांगांत बायका बसलेल्या असायच्या, त्या नवऱ्यांकडं बघायच्या नाहीत.

बाईमाणसानं एकटीनं, शब्दाशिवाय, उशी न बांधता सहा मिनिटं लोकांना हसवल्याचं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यासाठीचा झगा मी शिवला होता. राखाडी, पांढऱ्या कॉलरीचा, पुढं अकरा बटणांचा. नाटकाचे कपडे बेतताना आम्ही कापड कापून टाकत नाही, आत दुमडून ठेवतो. आजच्या अंगाला बसलं पाहिजे आणि उद्या दुसरं अंग आलं तर सोडता आलं पाहिजे. बाई लहानखुरी. त्या झग्याच्या दोन्ही खांद्यांत मी चार-चार बोटं कापड दुमडलं होतं.

पुढं बाईला दिवस गेले. सहाव्या महिन्यापर्यंत ती उभी राहिली. पोटाच्या शिवणी मी दोनदा उसवल्या आणि सैल केल्या.

आता कंपनीचा रिवाज सांगायला हवा. एखादी गंमत ज्यानं रंगमंचावर पहिल्यांदा केली ती त्याची. दुसऱ्याला करायची झाली तर त्यानं रंगपटात, मोठ्या आरशासमोर, दोघांच्या तोंडावर रंग असताना, सगळ्यांदेखत मागायची. समोरच्यानं नाही म्हटलं तर विषय संपला. चोरून केली तर त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. लिहिलेलं कुठं नव्हतं, पण मालकसुद्धा तो रिवाज पाळायचा.

शुक्रवारी दुपारचा खेळ हा बाईचा शेवटचा ठरला होता. त्या खेळात एक नवल झालं. ताट सारखं करायला बाई वाकली आणि झग्याचा डावा खांदा घसरला. तिनं वर ओढला, उजवा घसरला. तिच्याइतकं कसलेलं माणूस ही संधी सोडतं होय! तिनं त्याच ठेक्यात एकदा ताट सारखं केलं, एकदा खांदा. तसा हशा त्या प्रवेशाला कधी मिळाला नव्हता. पडदा पडल्यावर ती विंगेत आली तेव्हा मी घाईघाईनं खांद्याला पिन लावली, ती तिला टोचली, आणि ती तशीच लोकांसमोर वाकायला गेली. मग रंगपटात मामा आरशासमोर येऊन उभा राहिला. तू परत येईपर्यंत हा प्रवेश मला दे, म्हणाला. सगळे बघत होते. बाईनं आरशातून त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, घे, पण शेवट बदलू नकोस.

शेवट त्यानं तिसऱ्याच खेळाला बदलला. त्याच्या प्रवेशात थाप पडली की तो घाबरून खुर्चीसकट आडवा व्हायचा आणि ताट फुटायचं. घसरणारा खांदा मात्र त्यानं ठेवला. झगा त्याला नीट बसायचा, म्हणून तो मुद्दाम खांदा उडवायचा. पुढं त्याच्या सगळ्या फोटोंत, जाहिरातींत तो उघडा खांदा आला. आता जिन्याखालच्या पुतळ्यातही होता, कापडावरून कळत होतं.

बाई मुलीला चार महिन्यांची करून परत आली. मालक म्हणाला की लोकांना आता मामाची सवय झालीय. एका दुपारी तिनं हट्टानं प्रवेश केलाच, तर वर्तमानपत्रात आलं की मामांची नक्कल एका स्त्रीनं करावी हे धाडस खरं, पण हा विनोद मुळात पुरुषी आहे. तो कागद बाईनं जपून ठेवलेला नाही. तिला पाठ आहे. त्यानंतर सहा वर्षं ती त्याच प्रवेशात होती. विंगेत उभी राहून फळीवर टकटक करायचं काम तिला दिलं होतं, कारण त्या थापेची वेळ दुसऱ्या कुणाला साधायची नाही. तिच्या मुलीला शाळेत पोरी म्हणायच्या, तुझी आई ती टकटकवाली ना.

प्रवेश परत का मागत नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं होतं. माझंच मी मागू? असं ती म्हणाली. मामा मुलाखतींत सांगायचा की मला हे माझ्या आईवरून सुचलं, माझी आई वडिलांची अशी वाट बघायची. त्याचे वडील दुकानदार होते, दुकान घरातच होतं. बाईला हे सगळं कळायचं, तरी कुणी मामाला चोर म्हटलं की ती चवताळून उठायची. मागितलं त्यानं, म्हणायची. सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाकडं बघून मागितलं. मी नाही म्हणू शकत होते. नवरा सोडून गेला तेव्हा, पुढं कामं आटली तेव्हा, रेडिओवर भांडखोर शेजारणीचा आवाज काढून तिनं दिवस ढकलले तेव्हाही ती हेच म्हणायची. मी दिलं, माझ्याकडून कुणी घेतलं नाही.

आणि मी गप्प बसायचे. कारण त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मालक कपडेपटात आला होता. शनिवारपासून हा झगा मामा घालणार, खांदे सोड, म्हणाला. शनिवारी सकाळी माझ्यापुढं शिपायांचे बारा गणवेश इस्त्रीला होते. म्हणून मी खांदे गुरुवारीच सोडले. शिवण अशी बेतानं घातली की एक खेळ निभावून जाईल, कुणाला कळणार नाही. शुक्रवारी खांदा घसरला तो त्यामुळं. बाईनं विचारलं, सुई, खांदा कसा गं सैल झाला? मी म्हटलं, बाळ तुझं सगळं खातंय, खांदे वाळलेत तुझे. पुढं दोन महिने ती माझं ऐकून डबल जेवत होती.

म्हणून चिटणिसानं किल्ली फिरवली तेव्हा मी झग्याच्या खांद्यांकडं बघत होते.

रंगपटात आम्ही दोघीच होतो. आरसा तोच, फक्त भोवती नवे दिवे. बाई खुर्चीत बसली, झगा मांडीवर घेतला, थोडा वेळ त्याला नुसती थोपटत राहिली. मग तिनं तो उलटा केला. कपड्याची आतली बाजू बघायला तिला मीच शिकवलं होतं, कपडा खोटं बोलला तर बाहेरून बोलतो, असं सांगून.

"पोटाला दोन ओळी लागतात हाताला," ती म्हणाली. "भोकांच्या. तू उसवलेल्या."

मी हो म्हटलं.

"खांद्याला दोन. एक माझी, एक त्याची." तिचं बोट थांबलं. "हे काय आहे?"

तिथं एक तपकिरी डाग होता, डाळीएवढा. शेजारी पिनेच्या गंजाचे दोन ठिपके. मला बघायची गरज नव्हती.

"त्या दिवशी तू पिन टोचलीस मला," बाई सावकाश म्हणाली. "रक्त आलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग हा डाग इथं कसा? ही पट्टी तर आत दुमडलेली होती. मामाचं माप केल्यावर बाहेर आली." ती माझ्याकडं वळली नाही. आरशातून बघत होती. "सुई, खांदे कधी सोडलेस?"

पन्नास वर्षं मी या प्रश्नाची तयारी केली होती. मालकाचा दरारा, घरी आजारी आई, माझं वय, सगळं ओळीनं लावून ठेवलं होतं. गुरुवारी, एवढंच मी म्हटलं.

"मामाला ठाऊक होतं?"

"माप द्यायला तोच उभा होता."

झग्यावरचा तिचा हात उचलला गेला आणि खुर्चीच्या दांडीवर जाऊन बसला. मला वाटलं होतं की ती ओरडेल, शिव्या देईल, आणि तिच्या शिव्या काही साध्या नसतात. ती आरशात बघत राहिली. तिच्या तोंडावर रंग नव्हता आणि माझ्या तर कधीच नव्हता.

"म्हणजे शेवटच्या खेळाला मी त्याच्या झग्यात उभी होते," ती म्हणाली.

तेवढ्यात घंटा झाली. चिटणीस दारात आला, आजी, चला, म्हणाला. बाई उठली, केस सारखे केले, झगा हातावर घेतला आणि गेली. घंटा झाल्यावर मागं थांबलेली मी तिला कधी पाहिली नाही.

मी पुढच्या रांगेच्या टोकाला जाऊन बसले. अध्यक्ष बोलले, मामांनी स्त्रीचं मन किती खोलवर जाणलं होतं ते त्यांनी सांगितलं. एका तरुण नटीनं प्रवेश करून दाखवला. चांगली मुलगी, हात हलके होते तिचे. खांदा उडवला, आडवी पडली, ताट फोडलं. लोकांनी टाळ्या दिल्या. मग बाईला माईकसमोर आणलं. माईक तिच्या डोक्यावरून चालला होता, तो खाली करेपर्यंत ती त्याच्याकडं अशी बघत राहिली की पहिली खसखस तिथंच पिकली.

बाईनं झगा समोर धरला. तो तिच्या हनुवटीपासून पायांपर्यंत गेला आणि खांदे दोन्ही बाजूंना वीत-वीतभर बाहेर राहिले.

"हा झगा माझा आहे," ती म्हणाली.

सभागृह खो-खो हसलं. एवढीशी म्हातारी आणि एवढाले खांदे. बाई थांबली. हसू वर चढू दिलं, उतरणीला लागेपर्यंत पापणी हलवली नाही. मी ते ओळखलं. तिला तिथं थांबायचं नव्हतं. तिचं अंग आपोआप थांबलं होतं.

"प्रवेशही माझाच," ती म्हणाली. पुन्हा हशा. "खोटं वाटत असेल तर शिवणारी ती तिथं बसलीय. तिला विचारा."

सगळी डोकी माझ्याकडं वळली. दिव्याचा एक झोत पण फिरला. मी उठले. आवाज फुटला, आणि जेवढा होता तेवढा सगळा मी लावला.

"झगा तिचा आहे," मी म्हटलं. "मी तिच्या मापानं शिवला. मामासाठी खांदे सोडले तेसुद्धा मीच. तिला न सांगता."

लोक टाळ्या पिटायला लागले. शेजारचे गृहस्थ माझ्या हातावर थोपटून म्हणाले, वा, छान बसवलंय दोघींनी. मला खाली बसताही येईना. पन्नास वर्षं पोटात धरलेली गोष्ट मी चारशे माणसांसमोर ओकले, आणि त्यांना ती आधी घोकून आणलेली वाटली.

बाईनं तेही उतरू दिलं. मग माईकजवळ येऊन, अगदी घरात बोलावं तशी, ती म्हणाली, "त्यानं मागितलं ते ठरल्यावर मागितलं. मला आज कळलं."

तेही पिकलं. कसं पिकणार नाही? तिनं वाक्य असं टाकलं होतं की न हसणं कुणाच्या हातात नव्हतं. विंगेत ती तरुण नटी उभी होती, ती तेवढी हसत नव्हती, फुटलेल्या ताटाचे तुकडे हातात घेऊन नुसती बघत होती. बाई वाकली, आणि लोक उभे राहिले. मामाला कधी असा मान मिळाला की नाही मला माहीत नाही. तिला मिळाला, तोही तिचं खरं कुणीच खरं न मानल्याबद्दल.

चिटणीस रंगपटापर्यंत मागं आला. कमाल केलीत आजी, म्हणाला, दरवर्षी यायचं, दोघींनी, अगदी असंच करायचं. बाई मान हलवत राहिली. तो पुष्पगुच्छ ठेवून किल्ली आणायला गेला तेव्हा बाई खुर्चीत बसली आणि तिनं झगा माझ्यापुढं धरला.

मी म्हटलं, बाई, माझं चुकलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "खांदे घे आत."

मला आधी कळलं नाही. मग मी डाव्या खांद्याशी खोचलेली सुई काढली. दोरा पांढरा होता, झगा राखाडी. बाई म्हणाली चालेल, आतूनच दिसेल. मोठ्या मापाची शिवण उसवायला मला दोन मिनिटं लागली, कारण माझीच होती आणि बेतानं घातलेली होती. चार बोटं कापड मी पुन्हा आत दुमडलं. डोळे साथ देत नव्हते, पण जुनी भोकं नखाला लागत होती, एकेका भोकातून मी टाका नेला. रक्ताचा डाग आत गेला. दुसऱ्या खांद्याला बाईनं स्वतः कापड धरलं. तिचा हात माझ्या हाताला लागत होता आणि ती तो बाजूला घेत नव्हती, म्हणून मला जरा आशा वाटली.

मी दोरा तोडला. बाईनं दोन्ही खांदे ओढून पाहिले, शिवण पक्की आहे ना ते बघतात तसे.

"नीट झालंय," ती म्हणाली.

चिटणिसानं झगा परत काचेत टांगला. लाकडी हँगर रुंद पडला. त्याची टोकं खांद्यांत टोचायला लागली, तेव्हा तो पुटपुटला की कापड आक्रसलं वाटतं, आणि त्यानं दुसरा, लहान मुलांच्या कपड्यांचा हँगर आणून लावला. काच बंद झाली. आता तो झगा अकराच्या अकरा बटणं लावून, लहानखुऱ्या बाईच्या मापाचा, मामाच्या पाटीवर सरळ लोंबत होता. येणारी-जाणारी माणसं आधी पाटी वाचत होती आणि मग झग्याकडं बघत होती.

गाडी दाराशी लागली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं. बाईनं पुष्पगुच्छ आत मागच्या सीटवर ठेवला, वळसा घातला आणि पुढं, त्याच्या शेजारी जाऊन बसली. वाटेत तिनं त्याला विचारलं की मुलं किती, घर कुठं, रोज जेवायला घरी जातोस का. तो वेळ मिळेल तसा जातो म्हणाला. मी मागं एकटी होते. फुलं कलंडायला लागली की मी त्यांना हात लावून सरळ करत होते.